रीडिंग घेणार कोण आणि लिहिणार कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांत 'यंदाही मुलींची बाजी' ही बातमी असते. बातमी खरी असते आणि आनंदाचीही. पण त्याच निकालातल्या विज्ञान शाखेच्या किती मुली पुढे भौतिकशास्त्र घेतात, घेतलेल्या किती एम.एस्सी.पर्यंत टिकतात आणि टिकलेल्यांपैकी किती प्रयोगाकडे वळतात, हे फारसे कोणी विचारत नाही. कारणे सांगताना लग्न, समाजाची मानसिकता, पालकांची भीती असे मोठे शब्द येतात. ती कारणे आहेतच. मात्र यवतमाळ, वाशीम, बुलढाणा भागांतल्या महाविद्यालयांत हा विषय शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे मत असे, की मुलगी भौतिकशास्त्रापासून तुटते ती त्याच्या कितीतरी आधी, प्रॅक्टिकलच्या टेबलाजवळ. आणि ते टेबल नीट करायला कुठल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

वीस जणांची बॅच आणि पोटेन्शिओमीटरचे (लांब तारेवर सेलचे व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणाचे) पाच सेट, म्हणजे चार-चार जणांचे गट. गटात दोन मुले, दोन मुली असतील तर जोडणी मुलगा करतो, जॉकी (तारेवर टेकवायचा धातूचा तुकडा) मुलगा धरतो, गॅल्व्हानोमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटाही तोच पाहतो. मुलगी वही उघडून पट्टीने तक्ता आखते आणि 'हं, सांग' म्हणते. असे कर म्हणून तिला कोणी सांगितलेले नसते. तिचे अक्षर चांगले, म्हणून पुढे चौघांच्या जर्नलमधल्या आकृत्याही तिच्याकडेच येतात. परीक्षेला बहिःस्थ परीक्षक विचारतात, 'काटा एकाच बाजूला जातोय, काय कराल?' मुलगा अडखळत का होईना सांगतो, कारण तसा काटा त्याने पाहिलेला असतो. मुलीला तत्त्व तोंडपाठ असते, सूत्र असते, आकृती असते. हा काटा मात्र तिच्यासाठी नवा असतो. ती गप्प राहते आणि आपल्याला हा विषय जमत नाही, असे मनाशी ठरवून घरी जाते.

वास्तविक काटा एकाच बाजूला जाण्याची कारणे मोजकी आहेत. ड्रायव्हर सेलचे (तारेला करंट पुरवणाऱ्या सेलचे) व्होल्टेज मोजायच्या सेलपेक्षा कमी असते, किंवा दोन्ही सेलची धन टोके तारेच्या एकाच टोकाला जोडलेली नसतात, किंवा मुख्य सर्किटात एखादा जोड ढिला असतो. आपल्याकडे तिसरे कारण सर्वात जास्त आढळते. जोडणीची तांब्याची तार वर्षानुवर्षे तीच असते आणि टोकांवर काळा थर चढलेला असतो. टोक पॉलिश पेपरने लालसर चकाकेपर्यंत घासायचे, स्क्रूखाली गुंडाळून पूर्ण आवळायचे. मग जॉकी तारेच्या पहिल्या टोकाला आणि शेवटच्या टोकाला टेकवून पाहायची. दोन टोकांना काटा विरुद्ध दिशांना गेला की सर्किट बरोबर. जॉकी फक्त टेकवायची, घासत न्यायची नाही. घासली तर तार मध्येच बारीक होते आणि दर सेंटिमीटरला सारखे व्होल्टेज पडत नाही. एवढे सगळे वीस मिनिटांचे काम आहे. ही वीस मिनिटे ज्याच्या बोटांतून गेली, त्याच्या मनातली सर्किटची भीती जाते. आज ती मुलाच्या बोटांतून जातात.

यावर आणखी सेट मागितले जातात, ते येत नाहीत आणि विषय तिथेच थांबतो. त्याऐवजी चक्र लावावे. दहा वेगवेगळे प्रयोग, प्रत्येकाचा एकच सेट पण पूर्ण चालू स्थितीत, आणि प्रत्येक टेबलावर दोघांचीच जोडी. दर आठवड्याला जोडी पुढच्या टेबलावर सरकते. अडचण अशी येते की दहा टेबलांवर दहा प्रयोग एकदम सुरू होतात आणि शिक्षक एकच असतो. त्यासाठी जोडीतल्या एकीने पहिली पंधरा मिनिटे जुन्याच टेबलावर थांबून नव्या जोडीला दाखवायचे, दुसरीने पुढच्या टेबलावर जाऊन शिकायचे. पुढच्या आठवड्याला उलट. दाखवायची वेळ आली की आपल्याला काय कळले नाही ते मुलीला स्वतःलाच सापडते. प्रकरण वर्गात शिकवण्याआधी प्रयोग वाट्याला येतो, हीसुद्धा तक्रार असते. तिच्यासाठी प्रत्येक टेबलावर सर्किटची आकृती आणि पाच-सहा पायऱ्या लिहिलेला एक जाड कागद चिकटवावा. पायऱ्या मराठीत, संज्ञा इंग्रजीतल्या.

पहिल्या सत्रात मुलींच्या जोड्या मुलींशीच लावाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. हात बसल्यावर दुसऱ्या सत्रात मिसळाव्यात. आणि एक नियम सगळ्यांना सारखा: निम्मी रीडिंग एकीने घ्यायची, निम्मी दुसरीने, आणि तक्त्यात प्रत्येक रीडिंगपुढे घेणारीची आद्याक्षरे पेन्सिलीने लिहायची. सही करताना शिक्षकाने आधी ती आद्याक्षरे पाहावीत.

स्पेक्ट्रोमीटरवर (प्रकाशकिरणांचे कोन मोजण्याच्या उपकरणावर) हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तिथे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. एकाने लावलेली क्रॉसवायर (टेलिस्कोपमधली बारीक तारांची फुली) दुसरीला धूसर दिसू शकते. अशा वेळी पूर्ण टेलिस्कोप न हलवता फक्त आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) आतबाहेर करून क्रॉसवायर आपल्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायची. चष्म्याचा साधा नंबर असेल तर चष्मा काढूनही ते जमते; सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा ठेवावा. चष्म्याची काच आयपीसला लागते म्हणून मुली मागे सरतात आणि 'मला नाही दिसत, तूच घे' म्हणतात. हे वाक्य ऐकू आले की शिक्षकाने तिथे जाऊन थांबावे. इंचाला १५,००० रेषा असलेल्या ग्रेटिंगने (बारीक समांतर रेषांच्या काचपट्टीने) सोडियमची पिवळी रेषा पहिल्या क्रमात सुमारे २० अंश २२ मिनिटांवर मिळते. हा आकडा आधी सांगू नये. मुलीला तो स्वतःच्या व्हर्निअरवर (कोन वाचायच्या बारीक पट्टीवर) सापडू द्यावा, दोन्ही खिडक्यांतली रीडिंग घेऊन.

न्यूटन्स रिंग्जचा (भिंग आणि काच यांच्यामध्ये दिसणारी प्रकाशाची वर्तुळे मोजण्याचा) मायक्रोस्कोप वरून खाली पाहायचा असतो आणि टेबल तीन फूट उंच. पाच फुटांच्या आतल्या मुलीला टेबलावर ओणवे होऊन एका बाजूच्या विसाव्या रिंगपासून दुसऱ्या बाजूच्या विसाव्या रिंगपर्यंत जावे लागते, तेही स्क्रू एकाच दिशेने फिरवत, कारण मध्येच उलटा फिरवला की आट्यांतल्या ढिलाईमुळे रीडिंग चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मान अवघडून मोजणी चुकते, मग मुलगा म्हणतो, 'सरक, मी करतो.' सुताराकडून सहा इंची लाकडी पाट करून घ्या. आमच्या माहितीत इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू प्रयोगशाळेत नाही. दोन-तीन स्टूलही ठेवावेत; पाळीच्या दिवसांत तीन तास उभे राहणे अवघड जाते आणि ती हे सरांना सांगणार नाही. फ्लायव्हीलच्या (फिरणाऱ्या जड चाकाच्या) टेबलाजवळ ओढणी अॅप्रनच्या आत खोचलेली आणि वेणी वर बांधलेली हवी. अॅप्रन मुलामुलींना सारखाच सक्तीचा असावा, म्हणजे तो कपड्यांवरचा शेरा होत नाही.

डार्क रूमबद्दलही लिहिणे भाग आहे. दहा बाय बाराची खोली, आतून कडी, आत मुले-मुली आणि सोडियमचा दिवा. पालकांच्या कानावर हे गेले की मुलीचे प्रॅक्टिकल बंद होते, आणि ती स्वतःही आत जायला बिचकते. अंधारासाठी दाराची गरज नाही. तीन फुटांच्या अंतराने दोन जाड काळे पडदे लावले, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, की उजेड आत येत नाही आणि कोणीही केव्हाही आत-बाहेर करू शकते. एप्रिलच्या उकाड्यात एग्झॉस्ट पंखा हवाच; त्याच्या तोंडाशी एल आकाराची पेटी आतून काळी रंगवून बसवली की उजेड अडतो आणि हवा खेळते.

आता वेळेचा प्रश्न. थिअरी सकाळी आणि प्रॅक्टिकल दुपारी एक ते चार, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. मर्क्युरीचा दिवा पेटल्यावर पूर्ण प्रकाश द्यायला पाच-सात मिनिटे घेतो, आणि मध्ये वीज गेली तर तो लगेच पुन्हा पेटत नाही. आधी थंड व्हावा लागतो. दोनदा वीज गेली की अर्धा तास जातो. गावाकडची एसटी साडेचारची. ती चुकली तर फाट्यापर्यंत काळी-पिवळी आणि पुढे तीन-चार किलोमीटर अंधारात पायी. मुलगा मोटारसायकलवाल्याला हात दाखवून जातो, मुलगी जाऊ शकत नाही. म्हणून साडेतीनला मुलींची चुळबुळ सुरू होते, 'तुम्ही जा, आम्ही रीडिंग घेतो, उद्या उतरवून घ्या' असे मुले चांगुलपणाने म्हणतात, आणि भौतिकशास्त्र उतरवून घेण्याचा विषय होऊन बसतो. ज्या बॅचमध्ये बाहेरगावच्या मुली जास्त, तिचे प्रॅक्टिकल सकाळच्या सत्रात लावावे आणि गावातल्यांचे दुपारी. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. दिव्यांसाठी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणालाही मर्क्युरी विझतो. ज्या दिवशी वीज भरवशाची नसेल त्या दिवशी तेच ग्रेटिंग लाल लेसरने करावे. ६५० नॅनोमीटरचा लेसर पॉइंटर, ग्रेटिंगपासून एक मीटरवर भिंत. पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून साधारण ४१ ते ४२ सेंटिमीटरवर पडतो. शिंप्याच्या टेपने मोजता येते. लेसर ५ मिलिवॅटच्या आतला घ्यावा, किरण डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवावा आणि समोर कोणालाही बसू देऊ नये.

स्वच्छतागृहाचा विषय भौतिकशास्त्राच्या पत्रात कशाला, असे कोणाला वाटेल. सकाळी सातला घर सोडलेली मुलगी संध्याकाळी सहाला परतते आणि वाटेत कुठेच सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. दुपारी तीनला डार्क रूममध्ये तिचे डोके दुखते, घेरी येते, आणि वहीत 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे अनुपस्थित' असा शेरा पडतो. अणुकेंद्राच्या विखंडनाचा अर्थ लावणाऱ्या लिझ माइटनर १९०७ मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा तिथल्या रसायनशास्त्राच्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांना तळघरातल्या जुन्या सुतारकामाच्या खोलीत काम करावे लागले आणि स्वच्छतागृहासाठी रस्त्यावरच्या उपाहारगृहात जावे लागे. त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मुलींचे स्वच्छतागृह बांधलेले असते, पण त्याला कुलूप असते आणि चावी ऑफिसात शिपायाकडे. ती मागायला मुलगी जात नाही. कुलूप काढावे, आतली कडी दुरुस्त करावी, दिवा, पाणी आणि झाकणाचा डबा ठेवावा.

हंगामाकडे वेळापत्रक करणाऱ्यांचे लक्ष नसते. सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळीच्या पुढे-मागे कापसाची वेचणी, नंतर तूर. मजूर मिळत नाही म्हणून घरची मुलगी वावरात जाते. वेचणी हे बायकांचे काम मानले जाते, त्यामुळे भाऊ कॉलेजला येतो आणि ती येत नाही. नेमके याच काळात प्रॅक्टिकलला वेग आलेला असतो. जोडणी, मोजणी आणि ऑप्टिक्सचे मूळ प्रयोग जुलै ते सप्टेंबरमध्ये संपवावेत. उरलेले सोपे प्रयोग वेचणीच्या महिन्यांत ठेवून रविवारी एक जादा बॅच घ्यावी.

आता सर्वात नाजूक गोष्ट. फेब्रुवारीतल्या दुपारी प्रयोगशाळेत ३५ अंश तापमान असते. रेझोनन्स ट्यूबने (आवाज घुमवणाऱ्या नळीने) आवाजाचा वेग काढला तर तो सेकंदाला ३५२ मीटरच्या आसपास यायला हवा, कारण शून्य अंशाला ३३१ आणि पुढे दर अंशाला ०.६ वाढतो. मुलीला ३५१ मिळतात. शेजारच्या जुन्या जर्नलमध्ये ३४० लिहिलेले असते. ती खोडरबर घेते. मुलगेही हे करतात, पण मुलींच्या वहीत ते जास्त दिसते, कारण नीटनेटके आणि 'बरोबर' असण्यासाठी लहानपणापासून तिचेच कौतुक झालेले असते. तिने खोडलेली संख्या बरोबर होती, आणि भौतिकशास्त्रज्ञ व्हायची तिची पहिली संधी त्या रबराच्या चुऱ्यात गेली. म्हणून खोडरबर प्रयोगशाळेत आणूच देऊ नये. चुकले असे वाटले तर एक तिरपी रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी तापमान लिहायचे. थर्मामीटर नसलेली रेझोनन्स ट्यूब टेबलावर ठेवायचीच नाही.

केंब्रिजजवळच्या साडेचार एकरांवर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम वावराएवढ्या जागेवर, जोसलिन बेल या विद्यार्थिनीने सहकाऱ्यांबरोबर खांब ठोकून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभी केली. १९६७ मध्ये रोज सुमारे शंभर फूट कागदावर उमटणाऱ्या रेघा ती डोळ्यांनी तपासत होती. त्यात अर्ध्या सेंटिमीटरची एक विचित्र खूण तिला दिसली. मार्गदर्शकांना आधी तो माणसानेच निर्माण केलेला व्यत्यय वाटला. तिने खूण सोडली नाही, पुन्हा त्याच जागी पाहत राहिली, आणि १.३३ सेकंदांनी येणारे ठोके सापडले: पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा तारा. १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही, हेही मुलींना सांगावे. पण आधी हे सांगावे की तारा तिने स्वतः ओढल्या होत्या, म्हणून यंत्राचा खोटा आवाज कोणता आणि खरा कोणता हे तिला ओळखता आले.

एम.एस्सी. आणि संशोधनाकडे आलो की अडथळ्यांचे रूप बदलते. आपल्या भागात फेराइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड), गॅस सेन्सर, पातळ थर अशा पदार्थांवर बरेच काम होते आणि त्यात मफल फर्नेस (बंद विद्युत भट्टी) लागतेच. मिनिटाला ५ अंश या गतीने ९०० अंशांवर जायला जवळजवळ तीन तास, तिथे चार तास स्थिर, मग भट्टी बंद करून रात्रभर थंड होऊ देणे. हाताने चालवायची भट्टी असेल तर कोणीतरी सात तास समोर बसायला हवे. 'मुलगी रात्री कशी थांबणार' असे म्हणून तिला संगणकावर करायचा विषय दिला जातो, तिची आवड असो वा नसो. प्रोग्रॅमेबल कंट्रोलर बसवला तर ती सकाळी अकराला प्रोग्रॅम लावून साडेचारच्या बसने जाऊ शकते. त्याची काळजी अशी: थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांचे) टोक नमुन्याच्या क्रुसिबलजवळ (भांड्याजवळ) असावे, भिंतीला चिकटलेले नको; ठरावीक तापमानाच्या वर गेल्यास वीज तोडणारा वेगळा कटऑफ हवा; भट्टीला स्वतंत्र एमसीबी; आणि वीज परत आल्यावर प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू न होता थांबलेल्या ठिकाणाहून पुढे जाईल अशी सेटिंग. ही शेवटची सेटिंग न पाहिल्यामुळे नमुने वाया जातात आणि दोष विद्यार्थिनीवर येतो.

अॅना मणी यांनी १९४० च्या दशकात रामन यांच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या वर्णपटावर काम केले. एकेका फोटोप्लेटला १५ ते २० तास उजेड द्यावा लागे, म्हणून त्या रात्र प्रयोगशाळेत काढत. एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची घडी बसवली. त्यांना रात्र काढावी लागली, कारण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज कंट्रोलर आहे. तो न बसवता मुलीची रात्र काढायची तयारी तपासणे चुकीचे आहे.

एम.एस्सी.ला येणाऱ्या काही मुलींचे लग्न झालेले असते. गरोदर विद्यार्थिनीला घरी पाठवायची घाई करू नये. कामाची वाटणी बदलावी. नायट्रेट जाळून फेराइट करताना तपकिरी विषारी धूर निघतो, ते काम फ्यूम हूडमध्येच (धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच) आणि तेवढ्या महिन्यांपुरते दुसऱ्याने करावे. किरणोत्सारी स्रोत दुसऱ्याने चिमट्याने हाताळावा, तिने मोजणी घ्यावी, तीही अंतरावरून. एक्स-रे उपकरणावर काम करणारीने गरोदरपण कळवले की उरलेल्या काळात गर्भाला किरणांचा १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस पोचू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. हे तिला पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलेले असले तर ती लपवत नाही.

एक्सआरडीसाठी (एक्स-रेने पदार्थाची रचना तपासण्यासाठी) नागपूर-पुण्याच्या फेऱ्या अनेकींना घरून परवडत नाहीत. साधारण एक ग्रॅम बारीक वाटलेली पूड, घट्ट झाकणाची कुपी, त्यावर पुसट न होणाऱ्या शाईने नमुन्याचा क्रमांक, असे पार्सलने पाठवता येते. परत येताना आलेखाचे नुसते चित्र न मागता मूळ आकड्यांची फाइल मागावी, नाहीतर शिखरांची रुंदी काढता येत नाही. तरीही एकदा तरी तिला ते यंत्र स्वतः पाहायला पाठवावे, विभागाच्या खर्चाने आणि सोबत दुसरी विद्यार्थिनी देऊन.

'फिजिक्स घेऊन पोरगी करणार काय?' हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमके उत्तर द्यावे. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक सहायकाच्या परीक्षेला भौतिकशास्त्र असलेली बी.एस्सी. चालते, आणि खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका केली तर कर्करोग रुग्णालयात किरणोपचाराचा डोस ठरवणारी मेडिकल फिजिसिस्ट होता येते. तासिका तत्त्वावर दरवर्षी नव्याने नेमल्या जाणाऱ्या, बाळंतपणाची पगारी रजा नसलेल्या नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेल्या मॅडम मुली रोज समोर पाहतात. त्या मॅडमची परिस्थिती पाहूनच बऱ्याच जणी आपले ठरवतात. रिक्त जागा भरल्याशिवाय यावर इलाज नाही. ते आमच्या हातात नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र याच महिन्यात करण्यासारखी आहे. शासनाच्या मानव विकास मिशनच्या बस मुलींना बारावीपर्यंत मोफत आहेत, बी.एस्सी.च्या मुलीला तीच वाट स्वतःच्या खर्चाने काढावी लागते आणि शेवटची फेरी शाळा सुटण्याच्या वेळेवर बेतलेली असते. प्राचार्यांनी आगारप्रमुखांना पत्र देताना 'बसची वेळ बदलावी' एवढेच लिहू नये. कोणत्या थांब्यावर किती मुली उतरतात, प्रॅक्टिकल कोणत्या वारी किती वाजता सुटते आणि कोणत्या फेरीला किती मिनिटे उशीर केला तर चालेल, असा एक पानी तक्ता जोडावा. थांब्यांची यादी मुलींकडूनच भरून घ्यावी. आपल्याकडे महाविद्यालये जूनच्या अखेरीस गजबजतात; त्याआधी हे पत्र आगारात पोचले पाहिजे.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही प्राध्यापक, शिक्षिका व प्रयोगशाळा सहायक
पश्चिम विदर्भ